जठरातून यकृताकडे : १४० वर्षांच्या एका प्रश्नाचा इतिहास

२९ जानेवारी १८८१. व्हिएन्ना शहरातील एका शस्त्रक्रियागृहात थेरेसे हेलर या ४३ वर्षांच्या, आठ मुलांच्या आईला क्लोरोफॉर्मच्या मिश्रणाने गुंगी देण्यात आली. कित्येक आठवडे तिच्या पोटात अन्न ठरत नव्हते. जे खाल्ले ते उलटून पडे. आंबट दुधाखेरीज फारसे काही पचत नव्हते. जठराच्या शेवटच्या टोकाशी, जिथून अन्न आतड्यात उतरते तिथे, कर्करोगाची गाठ होती आणि तिने वाट बंद केली होती. शस्त्रक्रिया करणारे होते थिओडोर बिलरोथ.

सुमारे दीड तासाने गाठीसह जठराचा तो भाग बाहेर आला होता आणि उरलेले जठर लहान आतड्याच्या आरंभाशी रेशमी टाक्यांनी जोडले गेले होते. ती बाई जगली. हळूहळू खाऊपिऊ लागली आणि घरीही गेली. जठराचा कर्करोग कापून काढल्यावर रुग्ण जिवंत राहिल्याची जगातील ही पहिली नोंद.

मे महिन्यात ती वारली. जोड उत्तम भरून आला होता, टाके कुठेही उसवले नव्हते. परंतु रोग यकृतासह पोटात इतरत्र पसरलेला होता.

जठराच्या कर्करोगावरील उपचारांचा इतिहास अशा रीतीने एकाच रुग्णात दोनदा सुरू होतो. एकदा यशाने, आणि चार महिन्यांनी त्या प्रश्नाने, जो आजही प्रत्येक कर्करोग रुग्णालयात रोज विचारला जातो : रोग यकृतात पोहोचल्यावर काय करावे? कापावे, औषध द्यावे, की केवळ वेदना शमवावी? हा धागा त्या प्रश्नाच्या उत्तरांचा आहे.

आधी थोडे मागे. बिलरोथपूर्वी या रोगावर उपचार असा नव्हताच. अफू, दूध, पाऱ्याची औषधे, जळवा. नेपोलियनचे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध. ५ मे १८२१ रोजी सेंट हेलेना बेटावर तो वारला. त्याचे वडीलही १७८५ मध्ये जठराच्या गाठीने गेले होते. शवविच्छेदनात जठरात मोठा कठीण व्रण सापडला. त्याला आरपार भोक पडलेले होते आणि शेजारच्या यकृताने चिकटून ते भोक बुजवलेले होते. गंमत अशी की त्या टेबलाभोवती खरा वाद जठरावरून झालाच नाही, तो झाला यकृतावरून! यकृत सुजलेले आहे असे एका इंग्रज डॉक्टराचे मत होते. तसे लिहिले असते तर बेटाच्या रोगट हवेने कैदी मेला, म्हणजेच पर्यायाने इंग्रजांनी मारला, असा अर्थ निघाला असता. गव्हर्नर हडसन लो याने ते वाक्य अहवालातून काढायला लावले.

पुन्हा बिलरोथकडे. त्याच्याआधी दोघांनी हे धाडस केले होते. १८७९ मध्ये पॅरिसला पेआँने जठराचा भाग काढला. रुग्ण पाचव्या दिवशी गेला. १८८० मध्ये रिडिगिएर या पोलिश शल्यविशारदाचा रुग्ण बारा तासांत गेला. बिलरोथचा वेगळेपणा पूर्वतयारीत होता. त्याच्या हाताखालच्या गुसेनबाउअर आणि विनिवार्टर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले होते की जठर कापून पुन्हा जोडता येते आणि जठररस टाके विरघळवत नाही. शवविच्छेदनाच्या जुन्या नोंदी चाळून त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली : जठराच्या शेवटच्या टोकाचा कर्करोग होऊन मेलेल्यांपैकी बऱ्याच जणांत रोग तेथेच थांबलेला होता. म्हणजे काही रुग्ण तरी कापून वाचवता येतील. तर्क बरोबर होता. अडचण एवढीच, की ते ‘काही’ कोण, हे पोट उघडण्यापूर्वी ओळखण्याचे कोणतेही साधन त्या काळी नव्हते. क्ष-किरणांचा शोधच १८९५ चा.

(बिलरोथ व्हायोला वाजवीत असे आणि संगीतकार ब्राम्स त्याचा जिवलग मित्र होता. ब्राम्सने आपल्या दोन तंतुवाद्य-चौकड्या त्याला अर्पण केल्या आहेत.)

त्याच वर्षी, २८ सप्टेंबरला, बिलरोथचा सहायक अँटोन व्होल्फ्लर याने असेच एक पोट उघडले. गाठ स्वादुपिंडात घुसलेली होती, काढणे अशक्य होते. पोट तसेच शिवून टाकायचे एवढेच उरले होते. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या निकोलादोनीने सुचवले की गाठ राहू द्या, जठराला खालच्या बाजूने आतडे जोडा आणि अन्नाला दुसरी वाट करून द्या. व्होल्फ्लरने तसे केले आणि रुग्ण पुन्हा जेवू लागला.

बिलरोथच्या शस्त्रक्रियेची कीर्ती मोठी, परंतु पसरलेल्या रोगाच्या रुग्णांच्या दृष्टीने व्होल्फ्लरची शस्त्रक्रियाच अधिक मोलाची ठरली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. ‘रोग बरा होणार नाही, पण माणसाला जेवता आले पाहिजे’ हा विचार तिथे प्रथम शस्त्रक्रियेच्या टेबलावर आला. ही बायपास आजही केली जाते. अलीकडे कित्येकदा तिच्याऐवजी दुर्बिणीतून धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात.

आता यकृत. मराठीत ‘काळीज’ म्हणजे हृदय असे आपण समजतो. पण खाटकाच्या दुकानात कलेजी मागितली की यकृतच मिळते, आणि जुना अर्थ तोच आहे. जठराचा रोग या काळजाकडेच का धावतो?

याचे अर्धे उत्तर रक्ताच्या वाटेत आहे. शरीरातील बहुतेक अवयवांचे अशुद्ध रक्त थेट हृदयाकडे जाते. जठर, आतडी, प्लीहा आणि स्वादुपिंड यांचे मात्र तसे नाही. त्यांचे रक्त आधी एका मोठ्या शिरेत गोळा होते आणि ती शीर, यकृतद्वार शीर, ते सारे यकृतात ओतते. पचलेल्या अन्नाची तपासणी करणारा हा जकातनाका. जठरातील गाठीपासून सुटलेली कर्कपेशी रक्तात शिरली की तिला अडवणारी पहिली बारीक जाळी यकृताचीच.

दुसरे अर्धे उत्तर १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने दिले. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्याने तपासल्या. २४१ जणींच्या यकृतात रोग होता. प्लीहेत फक्त १७ जणींच्या. रक्त तर दोन्हीकडे मुबलक. मग हा फरक का? पॅजेटचे उत्तर कोणत्याही शेतकऱ्याला पटेल असे होते : बी वाऱ्याबरोबर सगळीकडे उडते, पण मानवेल त्याच जमिनीत रुजते. १९२८ मध्ये अमेरिकेतील जेम्स यूइंगने हे नाकारले आणि सारे श्रेय रक्ताच्या वाटेला दिले. जठराच्या बाबतीत दोघेही बरोबर ठरतात. वाट यकृताकडे जाते, आणि जमीनही तिथलीच सुपीक.

यातून निघणारा निष्कर्ष शल्यविशारदांना फार उशिरा पचला. यकृतात एक गाठ दिसते, याचा अर्थ पेशी रक्तात उतरून बराच काळ लोटला आहे. दिसणारी गाठ कापली तरी न दिसणाऱ्या उरतात.

तरीही कापण्याची ओढ सुटली नाही. १८९७ मध्ये झुरिचच्या श्लाटरने संपूर्ण जठर काढून रुग्ण जगवला. यकृत कापणे त्याहून अवघड, कारण ते रक्ताने भिजलेल्या स्पंजासारखे असते. बर्लिनच्या लांगेनबुखने १८८८ मध्ये यकृताचा एक भाग योजनापूर्वक काढला. १९०८ मध्ये प्रिंगलने यकृताकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या बोटांच्या चिमटीत धरून रक्तस्राव थांबवण्याची युक्ती सांगितली. १९५७ मध्ये फ्रेंच शरीररचनाकार क्लोद कुइनो याने यकृताचे आठ स्वतंत्र विभाग दाखवून दिले. प्रत्येकाला स्वतःची रक्तवाहिनी आणि स्वतःची पित्तनळी. त्यानंतर यकृत ‘फाडणे’ थांबले आणि विभागावार काढणे सुरू झाले.

त्याच १९५७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स हायडेलबर्गर यांनी एक औषध तयार केले. या औषधाच्या जन्मकथेतही यकृत आहे. काही वर्षांपूर्वी असे आढळले होते की उंदरांच्या यकृतातील गाठी युरेसिल नावाचा रेणू निरोगी यकृतापेक्षा अधिक अधाशीपणे ओढून घेतात. हायडेलबर्गर यांनी त्या रेणूवर फ्लोरिनचा एक अणू बसवला. पेशी तो घास ओळखीचा समजून गिळते आणि डीएनए बनवण्याची तिची यंत्रणा बंद पडते. हेच ५-फ्लोरोयुरेसिल. साठहून अधिक वर्षे जुने झालेले हे औषध, किंवा त्याची गोळीच्या रूपातील भावंडे, आजही जठराच्या कर्करोगाच्या जवळजवळ प्रत्येक उपचारात असतात.

१९८० च्या सुमारास त्यात आणखी दोन औषधे मिसळून ‘फॅम’ नावाचे मिश्रण निघाले. पहिल्या अहवालात दहांतील चार रुग्णांच्या गाठी आकसल्या आणि सर्वत्र उत्साह पसरला. १९८५ मध्ये त्याची तुलना एकट्या ५-फ्लोरोयुरेसिलशी झाली. आयुष्य वाढलेच नव्हते! गाठ आकसणे आणि माणूस अधिक जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा या रोगाने डॉक्टरांना अनेकदा दिला आहे.

मग आणखी मूलभूत शंका पुढे आली. केमोथेरपीने या रुग्णांचे काही भले होते का, की उरलेले दिवस उलट्यांत जातात? १९९० च्या दशकात ब्राझील, फिनलंड आणि स्वीडनमध्ये याची थेट परीक्षा झाली. एका गटाला औषधे, दुसऱ्याला फक्त त्रास कमी करणारी शुश्रूषा. चाचण्या लहान होत्या, जेमतेम चाळीस-चाळीस जणांच्या किंवा थोड्या मोठ्या. पण उत्तर संशयाला जागा ठेवणारे नव्हते. फिनलंडच्या चाचणीत शुश्रूषेच्या गटाचे मध्यम आयुर्मान सुमारे ३ महिने, औषधाच्या गटाचे सुमारे १२. ब्राझीलमध्ये ३ विरुद्ध ९.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ‘मध्यम आयुर्मान ९ महिने’ म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून कमी जगले आणि निम्मे त्याहून अधिक. काही पुष्कळच अधिक. तो आकडा गटाचा असतो, एका माणसाच्या भाळावर लिहिलेला नसतो.

पुढची पंधरा-वीस वर्षे महिन्या-महिन्याची लढाई झाली. जपानमध्ये एस-१ ही गोळी आली. २००८ च्या चाचणीत तिच्या जोडीला सिस्प्लॅटिन दिल्यावर ११ महिन्यांचे १३ झाले. डोसेटॅक्सेलची भर घातलेल्या एका मोठ्या चाचणीत ८.६ चे ९.२ झाले, आणि त्या काही दिवसांसाठी रुग्णांना बराच त्रास सोसावा लागला. पुढे सिस्प्लॅटिनची जागा बऱ्याच ठिकाणी ऑक्सॅलिप्लॅटिनने घेतली. मूत्रपिंडांवरचा ताण घटला आणि उलट्याही कमी झाल्या.

यकृताच्याच वाटेने औषध पोहोचवण्याचाही प्रयत्न झाला. १९५४ मध्ये ब्रीडिस आणि यंग यांनी दाखवले की निरोगी यकृत मुख्यतः द्वारशिरेच्या रक्तावर जगते, तर त्यातील गाठी धमनीचे रक्त पितात. मग धमनीत नळी घालून औषध सोडावे, ती बुजवावी, किंवा सुई खुपसून गाठ उष्णतेने जाळावी. आतड्याच्या कर्करोगात आणि यकृताच्या मूळ कर्करोगात या मार्गांना मानाचे स्थान मिळाले. जठराच्या कर्करोगात ते निवडक रुग्णांपुरतेच राहिले, कारण येथे रोग सहसा यकृतापुरता राहत नाही. पोटाचे अस्तर आणि दूरच्या लसिकाग्रंथी यांतही तो असतो.

२०१० साली वळण आले. एचईआर-२ हे प्रथिन काही स्तनकर्करोगांत अतिरेकी प्रमाणात असते आणि त्यावर ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड १९९८ पासून वापरात होते. २४ देशांतील ‘टोगा’ चाचणीत जठराच्या रुग्णांचेही नमुने तपासले गेले. सुमारे २२ टक्क्यांत ते प्रथिन सापडले. अशा ५९४ रुग्णांत केमोथेरपीच्या जोडीला ट्रास्टुझुमॅब दिल्यावर ११.१ महिन्यांचे १३.८ झाले, आणि ज्यांच्या गाठीत ते प्रथिन भरपूर होते त्यांच्यात १६. जठराचा कर्करोग हा एकच रोग नाही, हे उपचाराच्या पातळीवर प्रथमच सिद्ध झाले. तोवर सर्वांना एकच काढा दिला जात होता.

या औषधाची किंमत भारतीय कुटुंबांना झेपणारी नव्हती. २०१४ च्या आरंभी बंगळूरच्या बायोकॉनने त्याची प्रतिकृती, म्हणजे बायोसिमिलर, भारतीय बाजारात आणली, ती प्रथम स्तनाच्या कर्करोगासाठी. इतर कंपन्याही मागोमाग आल्या.

जपानचे तासुकु होंजो यांची कथाही इथलीच. वैद्यकीय महाविद्यालयातील त्यांचा एक वर्गमित्र तरुण वयात जठराच्या कर्करोगाने गेला. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत पीडी-१ हा प्रतिकारशक्तीचा ‘ब्रेक’ सापडला. त्यावरून निवोलुमॅब हे औषध बनले आणि २०१८ मध्ये होंजो यांना नोबेल मिळाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, ज्यांच्या गाठींत संबंधित खूण ठळक होती त्यांच्यात, केमोथेरपीला निवोलुमॅबची जोड दिल्यावर ११.१ महिन्यांचे १४.४ झाले. २०२३ मध्ये क्लॉडिन या प्रथिनावरच्या झोल्बेटुक्सिमॅबने १५.५ चे १८.२ केले.

आणि सुरी? शल्यविशारदांचा युक्तिवाद असा होता : यकृतातील गाठी राहू द्या, निदान जठरातील मूळ गाठ तरी काढा, शत्रूचे बळ घटेल. ऐकायला पटणारा. जपान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर यांनी मिळून १७५ रुग्णांवर तो तपासला. निकाल २०१६ मध्ये आला. फक्त केमोथेरपी घेतलेले मध्यमानाने १६.६ महिने जगले, आधी जठर काढून मग केमोथेरपी घेतलेले १४.३. शस्त्रक्रियेने फायदा तर झाला नाहीच. जठर गमावलेल्या रुग्णांना पुढची औषधे पुरेशी सोसलीही नाहीत. बिलरोथनंतर १३५ वर्षांनी ‘कापू नका’ हे उत्तर आकड्यांनिशी मिळाले, तेही जठर कापण्यात जगात सर्वांत तरबेज असलेल्या देशांकडून.

तरी दार पूर्ण बंद झालेले नाही. २०१५ मध्ये जपानमधील पाच रुग्णालयांनी अशा २५६ रुग्णांचा ताळेबंद मांडला, ज्यांच्या यकृतातील गाठी कापल्या होत्या. पाच वर्षांनी ३१ टक्के हयात होते! मात्र हे हजारांतून निवडलेले रुग्ण : एक-दोनच गाठी, आकाराने लहान, पोटात अन्यत्र काही नाही. ते शस्त्रक्रियेमुळे जगले की मुळातच सौम्य रोगामुळे, हे अशा ताळेबंदावरून ठरत नाही.

जर्मनीतील एका चाचणीने ते ठरवण्याचा प्रयत्न केला. मर्यादित पसरलेल्या रोगाच्या रुग्णांना आधी चार औषधांची केमोथेरपी. मग चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काहींवर शस्त्रक्रिया, काहींना तीच औषधे पुढे. २०२४ मध्ये १३९ रुग्णांचे निकाल जाहीर झाले : शस्त्रक्रियेच्या गटाचे मध्यम आयुर्मान १८.५ महिने, औषधांच्या गटाचे २३.६. एकंदरीत सुरीची पुन्हा हार. लाभाची चिन्हे दिसली ती ज्यांचा रोग फक्त दूरच्या लसिकाग्रंथींत होता अशांत.

या साऱ्या आकडेमोडीत एक उपचार बाजूला पडतो, कारण त्याचे पेटंट नसते. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी पायरीपायरीने मॉर्फीनपर्यंत जाणारी पद्धत सांगितली. त्याच वर्षी मुंबईच्या वांद्र्यात डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती अवेदना ही भारतातील पहिली शुश्रूषावास्तू सुरू केली. पुढे गोवा आणि दिल्लीतही तिच्या शाखा निघाल्या. मॉर्फीन स्वस्त, पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे ते रुग्णापर्यंत पोहोचणे अवघड झाले. कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडले. मधली २९ वर्षे अफू पिकवणाऱ्या या देशात कर्करोगाचे असंख्य रुग्ण वेदनेने तळमळत गेले. जठराच्या कर्करोगाच्या या इतिहासात याहून लाजिरवाणे प्रकरण दुसरे नाही.

थेरेसे हेलर आज एखाद्या मोठ्या कर्करोग रुग्णालयात आली, तर तिच्यावर पहिल्याच आठवड्यात सुरी चालणार नाही. दुर्बिणीतून जठराचा तुकडा घेतला जाईल. सीटी स्कॅन होईल, आणि बेंबीजवळच्या लहानशा छिद्रातून कॅमेरा घालून पोटाचे अस्तर पाहिले जाईल. यकृतात डाग दिसला तर तोही तपासला जाईल. त्या तुकड्यावर एचईआर-२, पीडी-एल-१, क्लॉडिन आणि डीएनए-दुरुस्तीच्या प्रथिनांची चाचणी होईल. औषधांची निवड त्या चार उत्तरांवर ठरेल. जेवण उतरत नसल्याने स्टेंट किंवा व्होल्फ्लरची बायपास होईल. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन, आणि यकृतातील एखादी गाठ विरून बाकी सारे स्वच्छ दिसले तरच शल्यविशारदाला बोलावणे जाईल.

१८८१ मध्ये बिलरोथने तिच्या शरीरातून काढलेला जठराचा तुकडा व्हिएन्नात काचेच्या बरणीत आजही जपून ठेवलेला आहे.